डॉलरवाल्याची छत्री

१२ जानेवारी २०२५, रविवार

सगळं बदललं ते आज दुपारी, वाचनालयाच्या मागच्या खोलीत, रंजीतानं राजदीपच्या तोंडातला ‘हेज’ हा शब्द उचलून स्वतःच्या तोंडात घातला तेव्हा. त्याच्या आधी मी बरा होतो.

नीट लिहितो, नाहीतर उद्या मलाच कळायचं नाही कशाचा एवढा राग आला होता.

आमचा गुंतवणुकीचा गट आहे. दर रविवारी आरमोरीत बसतो. मी, रंजीता, मोबाईल दुकानवाला विनोद, दवाखान्यातली नंदिनी सिस्टर, आणि दिवाळीपासून हा राजदीप. हा पुण्यात म्युच्युअल फंडाच्या कचेरीत होता, आता घरी बसून लॅपटॉपवर तेच करतो. गटाची रीत अशी की पैसे ज्याचे त्याच्या खात्यात, पण काय घ्यायचं आणि कधी विकायचं ते सगळ्यांनी मिळून ठरवायचं. मतदान नाही. एकही माणूस नाही म्हणाला की गोष्ट थांबते, मात्र नाही म्हणणाऱ्यानं कारण मांडायचं. ही रीत रंजीतानं तिच्या गावाहून आणली. धानोऱ्याकडे जंगलात त्यांची ग्रामसभा अशीच चालते. बांबू कुणाला विकायचा, बिडीची तेंदूपानं कुणाला द्यायची, सगळं एकमतानं. सभेचा हिशेब रंजीताच बघते, बी.कॉम. आहे ती. मी म्हणजे चंद्रपूरचं इंजिनिअरिंग अर्ध्यात सोडून मामाच्या राईस मिलवर वजनकाट्याच्या पावत्या फाडणारा. तरी गट काढायची कल्पना आम्हा दोघांची, वैनगंगेच्या पुलावर उभं राहून काढलेली. राजदीपला हे माहीत नसेल.

तर आज राजदीपनं नवीन काढलं. परदेशातला ईटीएफ. शेअरसारखा विकत घ्यायचा फंड, आणि त्याच्या पोटात तैवान, कोरिया, ब्राझील, चीन असल्या चढत्या देशांच्या शेकडो कंपन्या. त्यात दोन प्रकार. साधा, आणि करन्सी-हेज केलेला. दुसऱ्यात त्या त्या देशाच्या चलनाचा भाव आधीच ठरवून ठेवतात, म्हणजे चलन पडलं तरी त्याचा फटका नाही, चढलं तर त्याचा फायदाही नाही.

विनोद म्हणाला, “माह्या डोक्यावरून गेलं भाऊ.”

रंजीता मात्र पुढे सरकून बसली. “म्हणजे आमच्या गावात तेंदूचा भाव पानं तोडायच्या आधीच ठेकेदारासंगं बांधून घेतो, तसंच ना राजदीपभाऊ? मंग बाजार चढो नाईतर पडो.”

“अगदी तेच! पुण्यात साहेबलोकाईले समजवता समजवता माहा घाम निघे. तू एका वाक्यात सांगितलं.”

“हेज,” ती म्हणाली, मोहफूल चाखून बघावं तशी. आणि हसली. त्याच्याकडे बघून.

भाऊ म्हणते खरी. पण इथं बैलाच्या दलालालाही भाऊच म्हणतात, त्याला काय अर्थ? मला तर तेवढंही नाही. मला नुसतं ‘आदेश’, नाहीतर ‘ए, ऐक बे’.

२६ जानेवारी

बैठकीत राजदीपनं समोसे आणले. नंदिनी सिस्टरला तिखट चालत नाही म्हणून एक वेगळा, गोड चटणीचा. किती गुळगुळीत माणूस. एका बाईची काळजी घेऊन दुसरीवर छाप पाडायची.

रंजीतानं निघताना विचारलं, “कॉलेजचा फॉर्म कधी निघते रे? परत बसता येते म्हणे अर्ध्यातून.”

म्हणजे मी अर्ध्यातून सुटलेला, हे सगळ्यांसमोर सांगायचं होतं तिला. मी म्हणालो, “तुले काय करायचं?”

ती स्कूटीची किल्ली बोटात फिरवत राहिली.

९ फेब्रुवारी

जिंकलो!

दोन आठवडे काट्यावर बसून नुसते व्हिडिओ बघितले. धानाच्या गाड्या लागल्या होत्या, ड्रायव्हर ओरडत होते, आणि मी कानात वायर घालून कोरियाचं चलन शिकत होतो. मामा म्हणाला, “भाच्या, तुह्यं नाव बदलून ‘काटा बंद’ ठेव.” ठेवीन.

बैठकीत राजदीप म्हणाला, साधा फंड घेऊ, त्याचा खर्च कमी. मी उभा राहिलो. उभं राहायची गरज नव्हती पण राहिलो.

“माहा नकार. कारण मांडतो. पेपरात रोज छापून येऊन राह्यलं, रुपया पडला, रुपया पडला. साधा घेतला त आपण बुडलो. हेजवाला घ्या. मंग रुपया पडो की उठो, आपल्याले काही धक्काच नाई.”

राजदीपनं तोंड उघडलं. मग रंजीताकडे बघितलं. तिनं त्याच्याकडे. डोळ्यांनी काहीतरी झालं दोघांचं, आणि त्यानं तोंड मिटलं. ते डोळ्यांचं बोलणं माझ्या छातीत अजून रुतलेलं आहे.

“ठीक हाये,” तो म्हणाला. “खर्च थोडा जास्त लागते, पण चालते. आदेश म्हणते तसा घेऊ.”

विनोद फंडाची माहिती मोबाईलवर वाचत होता. “अबे, याच्यात भारताच्याई कंपन्या हायेत! चांगल्या ढीगभर हायेत. म्हणजे आपला पैसा अमेरिकेत जाणार, अन् तिथून परत इथीच येणार? बाजूच्या ब्रह्मपुरीले जायले नागपूरहून कोन जाते बे?”

सगळे हसले. मीही हसलो, कारण रंजीता म्हणाली, “जाऊ दे रे. आदेशनं मेहनत केली. माहा होकार.”

आदेशनं मेहनत केली. हे वाक्य संध्याकाळी काट्यावर प्रत्येक पोत्याबरोबर तोललं. प्रत्येक वेळी जड भरलं.

४ मार्च, मंगळवार

पाचही जण बँकेत गेलो. बाहेरदेशी पैसे पाठवायचा फॉर्म काउंटरवरच्या साहेबानं उलटा धरून बघितला.

“विदेशात कोण आहे तुमचं?”

“कोनी नाई,” विनोद म्हणाला.

“मग कशाला पाठवता?”

“ते परतच येणार हायेत साहेब.”

साहेबानं चष्मा काढला. राजदीपनं पुढे होऊन सगळं समजावून सांगितलं, इतक्या मऊ आवाजात की साहेबानं त्याला खुर्ची दिली. आम्ही चौघं उभे. बाहेर रंजीता म्हणते, “राजदीपभाऊचं बोलणं किती शांत हाये ना? तू असता त आतापर्यंत काच फुटली असती.”

मी म्हणालो, “फोडून दाखवू?”

“पाहिलं?” ती म्हणाली. हसली, पण मला ते हसणं नको होतं.

११ मार्च

फंड आमच्या खात्यात दिसला. माझ्या निवडीचा. तिच्या मोबाईलमध्ये आता माझी काहीतरी वस्तू आहे, असं वाटतं.

७ एप्रिल, सोमवार

सगळं लाल. अमेरिकेनं जगावर जकात बसवली आणि बाजार गडगडला, इथला पण, तिथला पण. विनोदच्या दुकानात आम्ही उभ्याउभ्याच जमलो. एक माणूस टेम्पर्ड ग्लास बसवायला आला होता, त्याला विनोदनं उलट्या बाजूनं बसवून दिली.

“विकून टाका,” विनोद म्हणाला. “माह्या बायकोले माहीत नाई अजून.”

राजदीप म्हणाला, “थांबा. घाबरून विकू नका.”

तो थांबा म्हणाला म्हणून मी म्हणालो, “विकाच.” खरं तर मला काही कळत नव्हतं. नंदिनी सिस्टरही विकू म्हणाली, आणि मग राजदीपसुद्धा नरमला. म्हणाला, सगळ्यांचं तेच असेल तर मी आडवा येणार नाही.

रंजीता एकटी म्हणाली, “माहा नकार.”

“कारण?”

“ज्यासाठी पैसा ठेवला ते काम अजून आलं नाई. कामाच्या आधी विकायचं नाई, आन् काम आलं की अडवायचं नाई. एवढंच.”

एकीच्या नकारानं थांबलो. विनोद चिडला होता. तो तिला सरळच म्हणाला, “माहं खातं, माहं बटन, मी दाबतो.” ती म्हणाली, “दाब. पण मंग रविवारी कायले बसतो आपन?” त्यानं मोबाईल खिशात टाकला.

काम कोणतं, हे मी विचारलं नाही. विचारायला पाहिजे होतं का? पुलावर उभं राहून गट काढला तेव्हा मी मनात आम्हा दोघांचं एक काम धरलं होतं. तिनंही तेच धरलं असेल.

११ मे, रविवार

जेवायला बसलो नाही, आधी हे लिहितो.

तेंदूचा हंगाम म्हणून रंजीता दोन आठवडे गावाकडेच आहे. बैठक नाही, फोनला रेंज नाही. राहवेना. मिलची गाडी काढली आणि गेलो.

गावात शिरल्या शिरल्या आरोग्य उपकेंद्राच्या ओट्यावर कोण? राजदीप! पाय पसरून बसला होता, पुढ्यात पानांचा ढीग, आणि तेंदूचा पुडा बांधायला शिकत होता. दोरी निसटत होती, पानं उलटी लागत होती, आणि रंजीता कपाळाला हात लावून हसत होती. नंदिनी सिस्टरही होती तिथं, तिची ड्युटी त्याच उपकेंद्रात आहे. रविवारी कसली ड्युटी असते कोण जाणे. ती त्याचे चुकलेले पुडे सोडून पुन्हा बांधत होती.

रंजीताचे वडील, मुखरूभाऊ, बाजेवर बसून बिडी ओढत होते. “ये बापा आदेश. बस. पानी पी.”

मी बसलो नाही. मी म्हणालो, “राजदीपभाऊ, इकडं पानं बांधायले आलात का पोरगी बांधायले?”

नंदिनी सिस्टरच्या हातातला पुडा सुटला.

राजदीप लाल झाला. म्हणजे खरं आहे! खोटं असतं तर त्यानं मला मारलं असतं. मी मारलं असतं.

मुखरूभाऊंनी बिडी विझवली. “पोरा, भर दुपारी गाडी चालवून आला तू. डोकं तापलं तुह्यं. सावलीत बस.”

रंजीता मला ओढत चिंचेखाली घेऊन गेली. “येडा झाला का रे? ऐक. तुले एक सांगायचं होतं. पहिले तुलेच सांगायचं होतं, म्हणून कोनालेच नाई सांगितलं अजून.”

“त्याले सांग. तो शांत बोलते ना.”

“आदेश.”

“त्यालेच सांग.”

आणि मी निघालो. आरशात बघितलं तेव्हा ती चिंचेखाली तशीच उभी होती. काय सांगणार होती ते मला माहीतच आहे. ऐकायला थांबून काय करायचं?

१५ जून, रविवार

तिला हैदराबादला प्रवेश मिळाला. ग्रामीण व्यवस्थापनाचा कोर्स, दोन वर्षं, मोठी संस्था. परीक्षा जानेवारीत दिली होती. शिकून गावाकडेच येणार म्हणते, बांबूचा धंदा ग्रामसभेनं स्वतः करायचा, ठेकेदाराशिवाय. फीच्या पहिल्या हप्त्यासाठी तिला तिच्या खात्यातला फंड विकायचा आहे. हेच ते काम.

मी विचार करत होतो की बरं, दोन वर्षं म्हणजे काही जन्म नाही. तेवढ्यात राजदीप घसा साफ करून म्हणतो, “योगायोग पाहा, मलेई हैदराबादलेच नोकरी लागली. पुढच्या महिन्यात जाऊन राह्यलो.”

नंदिनी सिस्टर मान खाली घालून हसत होती. तिला काय झालं होतं कुणास ठाऊक.

योगायोग!

विनोदनं होकार दिला, सिस्टरनं दिला, राजदीपनं तर काय, दोन्ही हातांनी दिला.

“माहा नकार,” मी म्हणालो.

रंजीतानं सावकाश विचारलं, “कारण मांड.”

“फंड अजून वर जाणार हाये. आता विकलं त नुकसान.”

राजदीपनं लॅपटॉप वळवला. तो म्हणाला, नुकसान नाही, थोडा नफाच आहे. मग विनोदनं विचारलं, “थोडाच काऊन? बाजार त चांगला वर गेला म्हणता.” आणि राजदीपला सांगावं लागलं. मे महिन्यात तैवानचं चलन एकदम चढलं, कोरियाचंही. साधा फंड असता तर ती कमाई आपल्याला मिळाली असती. आपला हेजवाला, म्हणून नाही मिळाली. वरून इकडे डॉलर जरा स्वस्त झाला, तेवढं आपलं कमी झालं.

“पन हेज होता ना?” विनोद म्हणाला. “आदेश म्हणे रुपया पडो की उठो, धक्का नाई.”

राजदीप माझ्याकडे न बघता बोलला. “ते हेज डॉलरवाल्यासाठी असते विनोद. ज्याचा खिसा डॉलरचा, त्याले बाकीच्या चलनाचा पाऊस लागू नये म्हणून धरलेली छत्री. आपला खिसा रुपयाचा. आपन त्या छत्रीच्या बाहेरच होतो.”

विनोद म्हणाला, “म्हणजे छत्रीचे पैसे आपन देले, आन् खाली उभा अमेरिकावाला.”

कुणीच हसलं नाही. सगळ्यांना दया आली होती माझी. मला दया नको.

“तरी माहा नकार,” मी म्हणालो, आणि बैठक संपली.

१८ जून

विनोदच्या दुकानात गेलो होतो, भांडायला. तोच भांडला.

“तिले फेब्रुवारीतच माहीत होतं बे! छत्री कोनाची ते. राजदीपभाऊ तुले सांगायले गेला त तिनं डोळ्यानं थांबवला. बाहेर आल्यावर आमाले म्हणे, पोरगा कॉलेज सोडल्यापासून पहिल्यांदा काही वाचून आला, मोडू नका त्याले. घेऊ त्याचाच. थोडं कमी मिळालं त मिळालं.”

“मंग मले येड्यात काढलं तिनं.”

विनोद माझ्याकडे बघतच राहिला. “तुले एवढंच समजलं?”

नाहीतर काय समजायचं? माझ्या पाठीमागे दोघांनी मिळून ठरवलं. डोळ्यांनी. राजदीपला सगळं कळतं तिच्या डोळ्यांतलं, मला एक अक्षर कळत नाही.

२२ जून, रविवार

परत नकार दिला. कारण म्हणून युद्ध सांगितलं, तेलाचा भाव सांगितला, डॉलर परत चढेल असं सांगितलं. रंजीता प्रत्येक कारण ऐकून घेत होती, उत्तर देत होती, आणि पुढचं विचारत होती. आवाज चढला नाही तिचा. माझा चढला. खुर्ची पाडली मी एक.

विनोद शेवटी तिला म्हणाला, “तुह्यं खातं हाये रंजीता. तुह्यं बटन. दाब आन् मोकळी हो.”

“एप्रिलमध्ये तू दाबलं का?”

“तू नाई म्हणे म्हणून नाई दाबलं.”

“मंग मीबी नाई दाबत.”

एवढा हट्टी माणूस मी दुसरा बघितला नाही. एका बोटाचं काम आहे, ती करू शकते. करत नाही, आणि मला वाटतं, ती तसं करत नाही तोवर ती इथं आहे. माझ्या एका शब्दावर ती इथं आहे. आजवर माझ्या शब्दानं कुणी कुठं थांबलं नव्हतं.

हे लिहिताना बरं वाटलं. मग वाईट वाटलं. मग परत बरं वाटलं.

२४ जून, मंगळवार

राजदीप मिलवर आला. मी मुठी आवळूनच काट्याच्या खोलीबाहेर आलो. त्यानं पिशवीतून एक पाकीट काढून माझ्या हातात दिलं. लग्नपत्रिका.

पाकीट फाडूनच उघडलं. नाव वाचायला डोळे जागेवर राहीनात. राजदीप आणि नंदिनी. वडशाला, बौद्ध विहारात, जुलैच्या पहिल्या आठवड्यात.

“तुले वाटलं ते मले मेमध्येच समजलं होतं,” तो म्हणाला. “पन नंदिनीच्या घरी तेव्हा बोललो नव्हतो, म्हणून गप बसलो. तिनं हैदराबादच्या दवाखान्यात काम पाहिलं, म्हणून मी नोकरी पाहिली. ये जेवायले. रागात आला तरी ये.”

म्हणजे गोड चटणीचा समोसा. म्हणजे उपकेंद्राचा ओटा. रविवारची ड्युटी. सगळं माझ्या नाकासमोर होतं, मीच लिहूनही ठेवलं होतं, आणि मला फक्त रंजीताचं हसणं दिसत होतं.

मला आनंद व्हायला पाहिजे. नाचायला पाहिजे. पण राजदीप गाडीवर बसून गेला आणि छातीतली आग होती तेवढीच होती. आता ती लावायला माणूस उरला नाही. मला त्या संस्थेचा राग येतो. तिथल्या खोल्यांचा, तिच्या शेजारी बसणाऱ्या ज्या पोरी अजून तिला भेटल्या पण नाहीत त्यांचा. हैदराबादच्या बसचा येतो. जे जे तिला माझ्याशिवाय बघणार आहे त्या सगळ्याचा.

याला काय म्हणायचं? याचं कारण सभेत कसं मांडायचं?

२९ जून, रविवार

आज ठरलं आणि उद्या विकलं तरच पैसे वेळेवर पोचतात. बाहेरून यायला आठवडा लागतो, आणि फीची मुदत त्याच्या लगेच पुढं. हे सगळ्यांना माहीत होतं, म्हणून कुणी चहासुद्धा मागवला नाही. मुखरूभाऊ पण आले होते, मुलीला गावी न्यायला. भिंतीशी टेकून बसले, गटाचे नाहीत म्हणून बोलणार नव्हते.

राजदीपनं विषय मांडला. होकार, होकार, होकार. मग माझ्याकडे आलं.

“नकार,” मी म्हणालो.

“कारण मांड,” रंजीता म्हणाली.

मी तेलाचा भाव म्हणायला तोंड उघडलं. निघाला नाही. माझ्याकडे कारणंच उरली नव्हती, एकच सोडून.

“तू जाऊ नये म्हणून.”

पंखा फिरत होता. विनोदनं खाली बघितलं. मुखरूभाऊंनी वर.

“दुसरं काही नाई. फंडाचं मले काही समजत नाई. मी त्याच्यावर जळून राह्यलो होतो, तो त निघाला दुसरीचा. आता मी कायच्यावर जळतो तेबी मले समजत नाई. तू गेली की माह्याजवळ काट्याच्या पावत्या उरतात. हे माह्यं कारण.”

मला वाटलं ती चिडेल. चिडली असती तर सोपं होतं, मीही चिडलो असतो. तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि तिनं ते पुसलं नाही.

“खरं कारण हाये,” ती म्हणाली. “पहिल्यांदा खरं मांडलं तू. पन आदेश, याच्यावर चर्चा कशी करायची? मी जाऊ नये असं तुले वाटते, तुह्यं ते मन वळवू का? मले त ते वळवायचंच नाई. जाताना कोनाले तरी असं वाटावं असं मलेबी वाटे.”

मी खुर्चीच्या कडेवर नख ओढत राहिलो.

“तू इथीच थांब असं मी म्हणलं नाई कधी,” ती म्हणाली. “फॉर्म भर म्हणलं. दर वेळी तुले राग आला.”

विनोदनं हळूच विचारलं, “आता? असं झालं त तुमच्या गावात काय करतात?”

रंजीतानं वडिलांकडे बघितलं. मुखरूभाऊ गटाचे नसतानाही बोलले, पण माझ्याशी नाही, विनोदशी.

“बसून राह्यतो आमी. संध्याकाळ झाली तरी बसतो. नकारवाल्याले कोनी उठ म्हणत नाई, कोनी समजवत नाई. त्याचं कारण चर्चेनं सुटण्यासारखं नसलं, आन् त्याले सोताले वाटलं, त तो आपल्या मनानं उठते. बाहेर जाते आन् दार लावून घेते. आत उरले ते सगळे एकमत. त्याले होकार द्या नाई लागत. त्याचा नकारबी खोटा नाई होत. गाव त्याले मंग काही म्हणत नाई, दुसऱ्या सभेले त्याची जागा तशीच राह्यते.”

“आन् नाई उठला त?”

“त नाई उठला. मंग ते काम नाई होत.”

आम्ही बसलो. खरंच बसलो. राजदीपनं लॅपटॉप मिटला. नंदिनी सिस्टर आपल्या बांगड्या मनगटावर सारखी सारत होती. बाहेर आठवडी बाजाराची माणसं परतत होती, कुणाच्या तरी टोपलीतली कोंबडी ओरडत होती. रंजीता माझ्याकडे बघत होती आणि विनवत नव्हती. विनवलं असतं तर मी नसतो उठलो, मला माहीत आहे मी कसा आहे ते. मी वाट बघत होतो की ती विनवेल. ती नुसती बसून होती, ओल्या गालांनी, आणि तिला खरंच संध्याकाळपर्यंत बसायची तयारी होती. माझ्यासाठी बसायची. मुदत गेली असती तरी ती बटन दाबणार नव्हती.

तिला असं बसलेलं बघवेना.

मी उठलो. खुर्ची पडली नाही या वेळी. तिच्यासमोरून जाताना मला काहीतरी म्हणायचं होतं, चांगलंसं, लक्षात राहील असं. तोंडातून निघालं, “चंद्रपूरचा फॉर्म कोन्या तारखेपर्यंत भरतात?”

“दहा जुलै,” ती म्हणाली. लगेच. विचार न करता.

मी तसाच पुढे गेलो. उंबऱ्यावर चपला घातल्या, डाव्या पायात उजवी गेली, ती बदलली. आत राजदीपचा आवाज नव्हता, कुणाचाच नव्हता. ते थांबले होते.

मी बाहेर आलो आणि दार लावून घेतलं.